धरणे पाडली, सॅमन परतला : क्लॅमथ नदीचा हिशेब

उगमवाट (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२४च्या मध्यावर ऑरेगन राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या जीवशास्त्रज्ञांना स्पेन्सर क्रीक नावाच्या एका लहानशा उपनदीत चिनूक जातीचा सॅमन (नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा मासा) दिसला. हे ठिकाण नदीच्या वाटेने समुद्रापासून सुमारे २३० मैल आत आहे आणि क्लॅमथ खोऱ्याच्या ऑरेगनमधील भागात समुद्रातून वर आलेला सॅमन १९१२ नंतर कोणी पाहिला नव्हता. त्याआधी जेमतेम सात आठवडे, ऑगस्टच्या अखेरीस, पात्रातील शेवटचे तात्पुरते बांध फोडण्यात आले होते. ही बातमी अनेकांनी वाचली असेल. या धाग्यात मला बातमीमागचा हिशेब मांडायचा आहे, कारण ‘धरणे पाडली आणि मासे परतले’ एवढ्या एका वाक्यात तो मावत नाही, आणि ते वाक्य जसेच्या तसे दुसऱ्या नदीला लावले तर फसगत होते.

क्लॅमथ नदी दक्षिण ऑरेगनमधील अप्पर क्लॅमथ सरोवराच्या पायथ्याशी सुरू होते, कॅस्केड पर्वतरांगेतून वाट काढत उत्तर कॅलिफोर्नियात उतरते आणि रेडवुडच्या जंगलांपाशी पॅसिफिकला मिळते. पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया आणि सॅक्रमेंटो यांच्या खालोखाल सॅमन देणारी नदी अशी तिची ख्याती होती. बहुतेक नद्या डोंगरात उगम पावून सपाटीकडे येतात, ही मात्र उलट्या घडणीची आहे : वरच्या अंगाला उथळ सरोवरे, पाणथळ जमिनी आणि शेती, तर खालच्या अंगाला खोल दऱ्या आणि जंगल. त्यामुळे वरून येणारे पाणी मुळातच उबदार आणि शेवाळाला पोषक असते. हा तपशील पुढे पुन्हा लागणार आहे.

पाडलेली धरणे चार : कोप्को-१ (१९१८), कोप्को-२ (१९२५), जे. सी. बॉयल (१९५८) आणि आयर्न गेट (१९६२). चौघांचे काम एकच, वीज. सिंचनासाठी त्यांतून एकही कालवा निघत नव्हता आणि पूरनियंत्रणात त्यांचा वाटा नगण्य होता. सर्वांत खालच्या आयर्न गेटला माशांसाठी शिडी, म्हणजे मासा टप्प्याटप्प्याने धरण चढून जाईल अशी पाण्याच्या पायऱ्यांची वाट, कधी बांधलीच नाही. भरपाई म्हणून शेजारी मत्स्यबीज केंद्र उभारले गेले. गंमत अशी की वरच्या जे. सी. बॉयल धरणाला ट्राउटसाठी शिडी होती, पण खालची तीन धरणे बंद असल्यामुळे समुद्रातून आलेला सॅमन त्या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचूच शकत नव्हता. उन्हाळ्यात जलाशयांवर मायक्रोसिस्टिस या विषारी नीलहरित शेवाळाचा थर येई आणि पाण्याला स्पर्श न करण्याच्या सूचना लावाव्या लागत.

या धरणांचा परवाना पन्नास वर्षांचा होता आणि तो २००६ मध्ये संपला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली येथे आहे. अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणांना केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाचा परवाना लागतो आणि नूतनीकरणाच्या वेळी मत्स्यखाते माशांना वाट करून देण्याची अट घालू शकते. तशी अट घातली गेली. चारही धरणांना शिड्या, जाळ्या आणि इतर सुधारणा करण्याचा खर्च मोजल्यावर पॅसिफिकॉर्प या वीज कंपनीच्या ध्यानात आले की धरणे सुधारण्यापेक्षा ती सोडून देणे ग्राहकांना स्वस्त पडेल. चौघांची एकत्रित क्षमता सुमारे १६० मेगावॉट होती आणि कंपनीच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता.

पण अट घालण्याइतका दबाव आपोआप आला नाही. सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या शेवटच्या टप्प्यात उथळ, तापलेल्या पाण्यात रोग पसरून किमान ३४,००० प्रौढ मासे मेले. युरोक जमातीच्या राखीव क्षेत्रात काठाकाठाने मेलेल्या सॅमनचा खच पडला. त्यानंतर युरोक, कारुक, हूपा आणि क्लॅमथ या जमातींनी धरणे पाडण्याची मागणी इतकी लावून धरली की कंपनी स्कॉटिशपॉवरच्या मालकीची असताना त्यांचे प्रतिनिधी २००४ मध्ये भागधारकांच्या सभेसाठी थेट स्कॉटलंडला गेले. तेथील लोकांना सॅमन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. पुढे मालकी बदलली, तेव्हा ते नव्या मालकांच्या दारात ओमाहाला गेले. २०१० मध्ये करार झाला, अमेरिकी काँग्रेसने मंजुरी न दिल्यामुळे तो रखडला, २०१६ मध्ये त्याची वाट बदलून नियामक आयोगामार्फत जाण्याचे ठरले, आणि १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आयोगाने परवाना परत घेऊन धरणे पाडण्यास संमती दिली. खर्चाची तजवीज ४५ कोटी डॉलरची होती : २० कोटी वीजग्राहकांच्या बिलांतून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या पाणी-रोख्यांतून.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मत्स्यशिडी आणि मत्स्यबीज केंद्र या दोन गोष्टी विसाव्या शतकात धरण बांधण्याची परवानगी मिळवण्यासाठी दिलेली आश्वासने होती आणि क्लॅमथवर ती दोन्ही फोल ठरली. नदी मोकळी करणे हाच तेथे उपाय होता. मात्र तो शक्य झाला, कारण त्या धरणांची उपयुक्तता आटली होती. जेथे ती आटलेली नाही, तेथे काय करायचे हा प्रश्न क्लॅमथने सोडवलेला नाही. जाणकारांनी आपली मते मांडावीत, विरोधी असली तर अधिक बरे.

---

जुना पाटकरी

लेख आवडला. जलसंपदा विभागात आयुष्य गेल्यामुळे ‘धरण पाडले’ हे शब्द वाचताना आजही दचकायला होते, हे प्रथम सांगतो. आपल्याकडच्या वाचकांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. महाराष्ट्रातले मोठे धरण बहुधा चार महिन्यांचा पाऊस आठ महिन्यांसाठी साठवून ठेवते. त्यातून आवर्तने सुटतात, शहरांना पाणी जाते आणि वीज हा अनेकदा जोडधंदा असतो. विजेसाठीच बांधलेल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तिच्यापुढे क्लॅमथची चारही धरणे मिळून बाराव्या हिश्श्याएवढीच भरतात. तेव्हा या धाग्याखाली कोणी ‘मग आपलीही पाडा’ असे लिहिण्याची घाई करू नये.

माझा प्रश्न गाळाचा आहे. शंभर वर्षे जुन्या जलाशयातला गाळ एकदम सोडला, तर खालच्या नदीत अनेक मैल काही जिवंत राहणार नाही. तेथे तो आधी उपसला की तसाच जाऊ दिला?

---

उगमवाट

तसाच जाऊ दिला, आणि तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. तिन्ही मोठ्या जलाशयांत मिळून सुमारे दीड कोटी घनयार्ड गाळ होता. तो बराचसा मेलेल्या शेवाळाचा बारीक, हलका चिखल होता, म्हणजे वर उल्लेखलेल्या उबदार पाण्याचीच देणगी. यातील साधारण ५० ते ७० लाख घनयार्ड वाहून जाईल असा अंदाज होता. जलाशय जानेवारी २०२४ मध्ये, भर हिवाळ्यात आणि वरून पाणी येत असताना रिकामे करण्यात आले, कारण त्या वेळी सॅमनचे बरेचसे प्रौढ मासे समुद्रात असतात आणि पिल्लांपैकी अनेक उपनद्यांत असतात. नदी काही आठवडे चिखलाच्या रंगाची झाली, प्राणवायू घटला आणि जलाशयांत सोडलेले बाहेरचे मासे मोठ्या संख्येने मेले. त्या दिवसांतली छायाचित्रे पाहून ‘नदी मारली’ अशी ओरड झाली होती. उघड्या पडलेल्या सुमारे २,२०० एकर जमिनीवर स्थानिक गवते आणि झुडपे यांचे अब्जावधी बियाणे पेरण्यात आले. हे बियाणे खोऱ्यातूनच आधीची काही वर्षे गोळा करून वाढवलेले होते.

---

सायली_सिअ‍ॅटल

गाळाच्या बाबतीत क्लॅमथच्या आधीचे उदाहरण आमच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीचे आहे. तेथील अभियंत्यांच्या अनुभवावर क्लॅमथची आखणी बरीचशी उभी राहिली असल्यामुळे ते थोडे सविस्तर सांगते.

एल्वा ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातून वाहते. समुद्रापासून पाच मैलांच्या आत १९१३ मध्ये एल्वा धरण झाले आणि वर १९२७ मध्ये २१० फूट उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण झाले. माशांना अडवणाऱ्या बांधकामाला वाट ठेवण्याचा कायदा राज्यात १८९० पासून होता. तो सरळ मोडून पहिले धरण बांधले गेले आणि तडजोड म्हणून मत्स्यबीज केंद्र काढण्यात आले, ते १९२२ मध्ये बंदही पडले. धागाकर्त्यांनी ‘आश्वासन’ म्हटले आहे, त्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल. सत्तर मैलांहून अधिक नदी आणि उपनद्या बंद झाल्या. केंद्र सरकारने १९९२ मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला, प्रत्यक्ष पाडकाम मात्र सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये संपले. संपूर्ण प्रकल्पाला सुमारे ३२.५ कोटी डॉलर लागले.

यातला मोठा भाग धरणांवर खर्च झालाच नाही. तो पोर्ट अँजेलिस शहराचे आणि कारखान्यांचे पाणी गाळापासून वाचवण्याच्या व्यवस्थेवर गेला. तरीही २०१२च्या शरदात पाला, काटक्या आणि गाळ यांनी पाणी उचलण्याची नवी व्यवस्था तुंबली आणि ग्लाइन्स कॅन्यनचे काम सुमारे वर्षभर थांबवावे लागले. भिंत फोडणे हे सर्वांत सोपे काम असते, त्याभोवतीची नळयोजना हे खरे डोकेदुखीचे.

पाटकरी यांच्या प्रश्नाचे उत्तर : पहिल्या पाच वर्षांत साठलेल्या गाळाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाली गेला आणि नदीच्या मुखाशी नवा वाळूचा किनारा तयार झाला. शंभर वर्षे वाळू न मिळाल्यामुळे खचलेला तो किनारा आता खेकडे आणि लहान मासे यांचे घर आहे. पात्रात वाळू-खडी परत आली आणि सॅमनची मादी घरटे करते ते त्याच खडीत. एल्वावर अंड्यांसाठी नुसते पाणी मोकळे होऊन भागले नसते. मासेमारी मात्र जाणीवपूर्वक बंद ठेवली होती. लोअर एल्वा क्लॅलम जमातीला पहिली मर्यादित मासेमारी, तीही विधी आणि घरच्या जेवणापुरती, कोहो जातीच्या सॅमनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये करता आली, म्हणजे काम संपल्यावर नऊ वर्षांनी. क्लॅमथच्या पहिल्या वर्षाच्या आनंदात ही नऊ वर्षे विसरू नयेत.

---

हिशेबनीस

मी विरोधी बाजू घेतो, कारण धाग्यात सगळेच एका सुरात बोलू लागले आहेत.

क्लॅमथचा हिशेब सोपा होता, कारण रकमा लहान होत्या. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरची खालची चार धरणे घ्या : आइस हार्बर (१९६२), लोअर मॉन्युमेंटल (१९६९), लिटल गूज (१९७०) आणि लोअर ग्रॅनिट (१९७५). त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ३,००० मेगावॉट आहे आणि वर्षाची सरासरी सुमारे १,००० मेगावॉट. त्यांच्या जलाशयांमुळे आयडाहोतील लुइस्टन हे गाव समुद्रापासून ४६५ मैल आत असूनही बंदर झाले आहे आणि गव्हाचे तराफे तेथून थेट खाली जातात. या धरणांना शिड्या आहेत आणि प्रौढ मासे त्या बऱ्यापैकी चढतातही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकार, जमाती आणि राज्ये यांच्यात धरणांच्या सेवांना पर्याय उभारण्याचा समझोता झाला होता, तो जून २०२५ मध्ये नव्या सरकारने मोडीत काढला. म्हणजे जेथे वीज, वाहतूक आणि सिंचन या तिन्हींचा खरा भार आहे, तेथे माशाची बाजू निवडणुकीगणिक हेलकावते. कार्बनमुक्त वीज पाडून त्या जागी वायूवर चालणारी केंद्रे आली, तर तापलेल्या नद्यांत सॅमनचे भले कसे होणार?

---

बोटुकली

हिशेबनीस यांच्या ‘शिड्या आहेत आणि प्रौढ मासे चढतात’ या वाक्यापाशी थांबते, कारण मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने अडचण त्या वाक्याच्या पुढे सुरू होते.

सॅमनचा प्रवास दुहेरी आहे. वर चढणारा मासा मोठा, बळकट आणि दिशा ठरलेला असतो. त्याच्यासाठी शिडी बांधता येते. खाली जाणारे पिल्लू बोटाएवढे असते. ते बऱ्याच अंशी प्रवाहाच्या जोरावर समुद्राकडे जाते आणि त्याच काळात त्याच्या शरीरात खाऱ्या पाण्याला जुळवून घेणारे बदल ठरावीक मुदतीत घडत असतात. वाहती नदी त्याला काही दिवसांत पोहोचवत असे. एकामागोमाग एक संथ जलाशय लागले की तोच प्रवास काही आठवड्यांचा होतो, पाणी तापते, शिकारी मासे वाढतात आणि प्रत्येक भिंतीपाशी टर्बाइन, सांडवा किंवा वळणनळ यांपैकी एक वाट निवडावी लागते. एका धरणावर नव्वदपेक्षा जास्त टक्के पिल्ले वाचली, तरी आयडाहोतून निघालेल्या पिल्लाला अशी आठ धरणे (स्नेकवरची चार आणि पुढे कोलंबियावरची चार) ओलांडायची असतात. गुणाकार करून पाहा. १९९२ मध्ये आयडाहोच्या रेडफिश सरोवरात परत आलेला सॉकाय सॅमन एकच होता. ‘लोनसम लॅरी’ असे नाव त्याला लोकांनी दिले. पिल्ले तराफ्यांत आणि टँकरमध्ये भरून धरणांच्या खाली नेऊन सोडण्याचा उद्योग तेथे अनेक दशके चालू आहे, यावरून शिडीची मर्यादा समजावी.

दुसरा मुद्दा मत्स्यबीज केंद्रांचा. केंद्रातले बीज माशांची संख्या वाढवते, परंतु टाकीत वाढलेल्या पिढ्यांची निवड टाकीला अनुकूल अशा गुणांवर होत जाते आणि त्यांचा रानटी माशांशी संकर झाला की नदीतली तग धरण्याची क्षमता घटते. तरीही त्यांना सरसकट मोडीत काढू नये. काही नद्यांत मूळ वंश केवळ केंद्रामुळेच टिकला आहे, आणि रेडफिश सरोवराचा सॉकाय त्यांपैकी एक आहे.

क्लॅमथवर स्वयंस्फूर्त वसाहत इतकी लवकर कशी झाली, याचे कारणही नोंदवते. सॅमन जन्मनदीचा वास ओळखून परततो हे आपण शाळेत वाचतो, पण प्रत्येक पिढीत थोडे मासे भरकटतात आणि भलत्याच उपनदीत अंडी घालतात. हिमयुगानंतर बर्फाखालून मोकळ्या झालेल्या नद्या याच भरकट्यांनी व्यापल्या. स्पेन्सर क्रीकमध्ये दिसलेल्या माशांचा जन्म तेथला नव्हता, असूच शकत नव्हता.

याच प्रकल्पातला एक अपघात मात्र टाळता आला असता, असे माझे मत आहे. फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस फॉल क्रीक येथील नव्या केंद्रातून चिनूकचे सुमारे ८,३०,००० मत्स्यबीज सोडण्यात आले. ते तेव्हा अजून उभ्या असलेल्या आयर्न गेट धरणाच्या तळाच्या बोगद्यातून खाली गेले आणि दाबातील बदलामुळे रक्तात वायूचे बुडबुडे होऊन मेले. बोगदा निघेपर्यंत बीज धरणाच्या खालीच सोडायचे, हा निर्णय त्यानंतर झाला.

---

हिशेबनीस

बोटुकली, उत्तर पटले, पण मग बेकर नदीचे काय? त्याच वॉशिंग्टन राज्यात बेकरवर २८५ आणि ३१२ फूट उंचीची दोन धरणे आजही उभी आहेत. १९८५ मध्ये तेथे अवघे ९९ सॉकाय परतले होते. वीज कंपनीने २००८ मध्ये वरच्या आणि पुढे खालच्या जलाशयात पिल्ले गोळा करणारे तरंगते सापळे बसवले, प्रौढ मासे टँकरने वर नेले, आणि अलीकडच्या वर्षांत परतणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात, चांगल्या हंगामात काही दहा हजारांवर गेली आहे. भिंत न पाडता, वीज चालू ठेवून. हे उदाहरण अशा चर्चांत कधीच कोणी देत नाही.

---

बोटुकली

द्यायला हवे, आणि तुम्ही दिलेत हे चांगले झाले. मात्र बेकरवर मासा कोणता आहे ते पाहा. सॉकायची पिल्ले समुद्रात जाण्यापूर्वी एखादे वर्ष तळ्यातच वाढतात. बेकरला मुळात नैसर्गिक सरोवर होते आणि थंड, खोल जलाशय या जातीला परका वाटत नाही. शरद ऋतूत नदीत चढणाऱ्या चिनूकची पिल्ले वाहत्या नदीत वाढतात. क्लॅमथच्या तापलेल्या, शेवाळलेल्या जलाशयात सापळे लावून तोच परिणाम आला असता असे मला वाटत नाही. शिवाय बेकरवर मासा टँकरवर अवलंबून आहे : सापळा, वाहन, चालक आणि वीज कंपनीचा परवाना यांतले एक जरी थांबले तरी पिढी थांबते. उपाय म्हणून तो खरा आहे, नदी म्हणून नाही.

---

रानजाई

चर्चा मासा आणि मेगावॉट यांतच फिरते आहे, म्हणून दोन गोष्टी जोडते.

क्लॅमथच्या वरच्या खोऱ्यातील क्लॅमथ जमातींनी १८६४च्या तहात लक्षावधी एकर जमीन सोडताना मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. त्यानंतर अर्धे शतकही उलटले नाही तोच पहिल्या धरणाच्या बांधकामाने मासा अडवला आणि हक्क कागदावर उरला. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांच्या ताटात स्वतःच्या नदीचा सॅमन आला नाही. खालच्या युरोक लोकांना मासा होता, पण १९७० च्या दशकात जाळे टाकल्याबद्दल सशस्त्र केंद्रीय अधिकाऱ्यांशी सामना करावा लागला. शास्ता लोकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची गावे आणि पवित्र स्थाने कोप्कोच्या जलाशयाखाली गेली होती. कॅलिफोर्नियाने जून २०२४ मध्ये सुमारे २,८०० एकर जमीन त्यांना परत देण्याची घोषणा केली. धरण पाडण्याच्या चर्चेत ‘पुनर्स्थापना’ म्हणजे माशाचीच, असे आपण गृहीत धरतो, ते अपुरे आहे.

मात्र शेतकऱ्याला खलनायक करण्याचाही मोह टाळावा. २००१च्या दुष्काळात केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या सिंचन खात्याने संरक्षित माशांसाठी बहुतेक शेतीचे पाणी बंद केले. ज्यांच्या आजोबांना युद्धावरून परतल्यावर सरकारनेच तेथे जमिनी देऊन वसवले होते, त्यांची पिके डोळ्यांदेखत वाळली. पुढच्या वर्षी पाणी शेतीला मिळाले आणि सप्टेंबरात मासे मेले. ही दोन वर्षे एकत्र वाचल्याशिवाय क्लॅमथचे भांडण समजत नाही.

---

खाडीकर

आपल्याकडे याला जवळचा मासा हिलसा. तोही समुद्रातून नदीत चढतो आणि एके काळी गंगेतून प्रयागराजपर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतील हिलशाची मासेमारी कोसळली. अलीकडे केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हिलसा सोडण्याचे काम हाती घेतले आहे. एक फरक सांगणे भाग आहे : पॅसिफिकचा सॅमन अंडी घालून मरतो, हिलसा मात्र अंडी घालून समुद्राकडे परततो. म्हणजे फराक्कावर खाली जाण्याची वाट पिल्लांइतकीच मोठ्या माशांनाही लागते, आणि बोटुकली यांचा मुद्दा येथे दुप्पट लागू होतो.

---

जुना पाटकरी

रानजाई यांनी शेतीचा विषय काढलाच आहे, तर विचारतो. शेतीचे पाणी ज्या धरणांवरून वळवले जाते, ती अजून उभीच आहेत ना? मग ‘नदी मोकळी झाली’ असे म्हणणे कितपत बरोबर?

---

उगमवाट

उभी आहेत, दोन आहेत : किनो आणि त्याच्या वर लिंक रिव्हर. अप्पर क्लॅमथ सरोवराची पातळी लिंक रिव्हर धरणाने राखली जाते आणि दोन लाख एकरांहून अधिक शेतीला तेथूनच पाणी जाते. त्यामुळे नदी मोकळी झाली ती किनोच्या खाली, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. दोन्हींना शिड्या आहेत, पण चिनूकसारख्या मोठ्या माशासाठी किनोची शिडी पुरेशी नाही अशी शंका अनेकांना होती. २०२५च्या शरदात चिनूक तीच शिडी चढून, लिंक रिव्हर ओलांडून सरोवरात आणि पुढे विल्यमसन व स्प्रेग या नद्यांत पोहोचले. क्लॅमथ जमातींच्या मूळ भूमीत सॅमन पोहोचला तो येथे. मी शिड्यांना फोल म्हटले होते, ते उंच भिंतींबाबत कायम आहे. किनोसारख्या बुटक्या बंधाऱ्यावर शिडी काम करते, हे मान्य करायला हवे.

हिशेबनीस यांचा हवामानाचा मुद्दाही लागू होतो, पण क्लॅमथवर त्याची दिशा उलटी आहे. जलाशय उन्हाळ्याची उष्णता धरून ठेवत आणि शरदात, प्रौढ मासे चढण्याच्या नेमक्या वेळी, खालच्या नदीला कोमट पाणी सोडत. आता नदी शरदात लवकर थंड होते. विजेच्या तुटीचा प्रश्न १६० मेगावॉटवर उभा राहत नाही. स्नेकवर राहतो, आणि तेथे पर्यायी वीज व रेल्वेने गव्हाची वाहतूक आधी उभी करावी, मग भिंतीला हात लावावा, हाच क्रम मला योग्य वाटतो. डिसेंबर २०२३च्या समझोत्याचा रोख साधारण तोच होता, म्हणून तो मोडल्याचे वाईट वाटते.

आता पाहायचे ते खाली येणाऱ्या पिल्लांकडे. वरच्या खोऱ्यात जन्मलेल्या चिनूकच्या पिल्लांना उथळ, शेवाळलेले सरोवर पार करायचे आहे आणि कालव्यांची तोंडे चुकवायची आहेत. मुख्य कालव्याच्या तोंडावर २००३ पासून जाळी आहे, पण किनोच्या वरच्या पट्ट्यातील प्रत्येक उपसा तसा बंदिस्त नाही. वसंतात नदीत चढणारा चिनूक, जो एके काळी या खोऱ्याचा मोठा हिस्सा होता, तो तर आपोआप येण्याइतक्या संख्येने जवळपास उरलेलाच नाही. त्याची पिल्ले वरच्या खोऱ्यात सोडून पुनर्स्थापना करण्याची योजना ऑरेगन आणि क्लॅमथ जमाती राबवत आहेत. पाटकरी, आपण कालव्यांवर काम केले आहे. पाच-सहा सेंटिमीटरचे पिल्लू अडेल आणि तरी पाला तुंबून आवर्तन थांबणार नाही, अशी जाळी आपल्याकडे कोठे वापरात होती का?

---

जुना पाटकरी

एवढी बारीक नव्हती. आमच्याकडे जाळी असे ती ओंडके आणि जलपर्णी अडवायला, पट्ट्यांमध्ये चार बोटे अंतर ठेवून, आणि तीसुद्धा पावसाळ्यात माणसे लावून दिवसातून दोनदा साफ करावी लागे. बारीक जाळी बसवायची असेल तर तिचे क्षेत्रफळ बरेच वाढवून पाण्याचा वेग कमी करावा लागेल, नाहीतर पिल्लू आत जाणार नाही पण जाळीला चिकटून मरेल. साफसफाई यंत्राने होणार असेल तरच हे जमेल. मुख्य कालव्यावर त्यांनी नेमके काय बसवले आहे, त्याचा आराखडा कोणाकडे असेल तर येथे टाकावा. मला तो पाहायचा आहे.